नवव्या प्रश्नानंतर कोण थांबतं?

सकाळी साडेसातला डोंबिवलीच्या फलाटावर सगळी गर्दी मुंबईकडे तोंड करून उभी असते. मी दीड वर्ष तिच्याकडे पाठ करून कसारा लोकल पकडली. उलट्या दिशेच्या गाडीत बसायला जागा मिळते, खिडकीसुद्धा मिळते, एवढ्यावरच सुरुवातीला मी खूश होते. टिटवाळा, खडवली, वासिंद, आसनगाव. आसनगावला उतरून जीप आणि जीप जिथे सोडेल तिथून पुढे चालत. सॅकमध्ये डबा, पाण्याची बाटली आणि दोन टॅबलेट. गोळ्या नव्हेत, स्क्रीनवाले. हा खुलासा आधीच केलेला बरा. कारण ‘मॅडमनी टॅबलेट आणल्यात’ असं कळल्यावर पाड्यावरचे लोक खरंच औषध मागायला यायचे आणि मला दर वेळी ओशाळल्यासारखं व्हायचं.

त्या टॅबलेटमध्ये डिप्रेशन ओळखणारं ॲप होतं. नऊ प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, शेवटी बेरीज. मग हिरवा, पिवळा, नारिंगी किंवा लाल रंग. शहापूर तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आसपासच्या पाड्यांवर आशाताईंना ते वापरायला शिकवायचं, ही माझी एमएसडब्ल्यूनंतरची पहिली नोकरी. ॲप कुणाचं आणि पैसा कुणाचा, हे सांगत नाही. नावं सांगितली तर तुम्ही म्हणाल, हां, ती संस्था तशीच आहे. माझं भांडण एका संस्थेशी नाही.

भातकापणी उरकत आली होती, तेव्हाची गोष्ट. ओपीडीच्या बाहेर बाकावर एक बाई बाळाला घेऊन बसली होती. बाळाला ताप होता. आशाताईने तिला ओळखलं, शेजारी बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘मॅडम, हिचा भरू या?’ महिन्याचं टार्गेट माझंही होतं, तिचंही. मी मान हलवली. झोप लागते का? ‘नाय लागत.’ कामात मन लागतं का? ‘कशातच नाय लागत.’ असं करत आठ प्रश्न झाले. नवव्याला ताईने आवाज खाली घेतला. तिला कुणी शिकवलं नव्हतं, मीसुद्धा नाही. ‘मरून गेलं तर सुटले, असं येतं का गं मनात?’ बाईने बाळाच्या कपाळावरची ओली फडकी उलटी केली आणि पाऊस पडतोय असं सांगावं तितक्या सहज म्हणाली, ‘येतं ना. रोजच येतं.’

ताईने चौथ्या गोलावर बोट ठेवलं. स्क्रीन लाल झाला. ‘तात्काळ संदर्भित करा.’ खाली ‘सेव्ह’.

बाईने तो लाल रंग पाहिला आणि मला विचारलं, ‘मग आता काय करू?’

डॉक्टर त्या दिवशी तालुक्याला मीटिंगला गेले होते. मी छापील चिठ्ठीवर तिचं नाव लिहिलं आणि खाली ‘ठाणे’ लिहिलं. तिने चिठ्ठीची घडी करून बाळाच्या केसपेपरात सरकवली आणि विचारलं, ‘बाळाचं औषध मिळंल ना?’ ते मिळालं. ती गेली.

महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये एका स्लाइडवर ती होती. नाव अर्थातच नव्हतं. ‘हाय रिस्क केसेस आयडेंटिफाइड’ या मथळ्याखालच्या आकड्यातली ती एक होती. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

ॲप हँग झालं, चुकीचं भाषांतर दाखवलं, असं काही झालं असतं तर हा लेख लिहायची गरज पडली नसती. एक ईमेल पुरला असता. पण त्या दिवशी ॲपने त्याचं काम बिनचूक केलं. माझी तक्रार नेमकी तीच आहे.

हे नऊ प्रश्न आले कुठून, ते थोडक्यात. त्याला पीएचक्यू-९ म्हणतात. रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोन्के यांनी अमेरिकेत तो बनवला आणि २००१ साली त्यावरचा त्यांचा शोधनिबंध आला. पैसे दिले होते फायझर कंपनीने, जी त्या काळात झोलॉफ्ट नावाची डिप्रेशनवरची गोळी विकत होती. मला यात कट-कारस्थान दिसत नाही. प्रश्नावली चांगली आहे, फुकट आहे, जगभर तपासली गेली आहे. एवढंच लक्षात ठेवायचं की दवाखान्यात डॉक्टर समोर आहे, बाहेर केमिस्टचं दुकान आहे आणि पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट मिळते, अशा ठिकाणी ती जन्माला आली. बेरीज ही तिथे संभाषणाची सुरुवात होती. आमच्याकडे तो शेवट झाला.

हे फक्त आमच्या छोट्या प्रकल्पापुरतं असतं तर सोडून देता आलं असतं. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा जो सी-बॅक फॉर्म आशाताई घरोघरी भरतात, मधुमेह, रक्तदाब, कॅन्सरच्या तपासणीसाठी, त्याच्या शेवटच्या भागात याच नऊपैकी पहिले दोन प्रश्न आहेत. आनंद वाटेनासा झाला आहे का, उदास वाटतं का. बेरीज तीनच्या वर गेली की पुढे पाठवा. हा फॉर्म देशभर भरला जातो आणि तो मोबाइलमध्ये चढवावा लागतो. एका फॉर्ममागे आशाताईला दहा रुपये. एका माणसाची तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, घरातली चूल, खोकला, गाठ आणि मनाची अवस्था, सगळं मिळून दहा रुपयांत. मनाच्या वाट्याला त्यातले किती पैसे येतात, ते तुम्हीच काढा.

भाषेबद्दल बोलते, कारण त्याच्यावरच मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तिथेच मला पहिली शंका आली. भाषांतरात ‘उदास’ आणि ‘निराश’ होतं. वर्तमानपत्री मराठी. कातकरी वाडीवर मी ‘निराश’ म्हटलं की समोरची बाई ताईकडे बघायची. लोक सांगायचे ते असं: जीव घाबरा होतो, डोक्यात भुंगा फिरतो, हातापायातलं बळ गेलं, छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं. ‘टेन्शन’ हा शब्द मात्र सगळीकडे चालायचा, नवऱ्याच्या दारूपासून रेशनच्या अंगठ्यापर्यंत सगळ्याला. आम्ही शब्द बदलले. ते जमलं. पण शब्द बदलून न सुटणारे प्रश्न होते. ‘भूक कमी झाली आहे का, की जास्त खाल्लं जातं?’ हा प्रश्न मी एका म्हातारीला विचारला. ती म्हणाली, ‘असंल तर खाते.’ यात कुठला गोल भरायचा? ‘थकवा जाणवतो का?’ एप्रिलमध्ये, दिवसाला चार खेपा विहिरीवर. तानसा आणि भातसा याच तालुक्यात आहेत. तिथलं पाणी पाइपातून मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो. त्या बाईला थकवा ‘जवळजवळ रोज’ जाणवत होता. ॲपने तीन गुण दिले. म्हणजे काय निदान झालं? तिला डिप्रेशन आहे की नळ नाही?

‘गरिबांना डिप्रेशन नसतं, त्यांना फक्त भाकरी हवी’ असं मी म्हणत नाहीये, हे इथेच सांगून टाकते. तो आणखी एक शहरी आळस आहे. त्या बाकावरच्या बाईला दोन्ही हवं होतं. दोन्हीतला फरक ओळखायला कुणीतरी वीस मिनिटं तिच्याजवळ बसायला हवं होतं आणि ती वीस मिनिटं ॲपने वाचवली, असं आमच्या माहितीपत्रकात अभिमानाने छापलेलं होतं.

जरा गणित करू. समजा, हजार माणसं आहेत आणि त्यातल्या पन्नास जणांना खरंच डिप्रेशन आहे. समजा, चाचणी चांगली आहे: आजारी असलेल्या शंभरातल्या ऐंशींना पकडते आणि निरोगी शंभरातल्या नव्वदांना बरोबर सोडते. म्हणजे पन्नासातले चाळीस सापडतील, दहा निसटतील. उरलेल्या साडेनऊशेतले पंचाण्णव उगाच अडकतील. लाल-नारिंगी यादीत एकूण एकशे पस्तीस नावं आणि त्यातली खरी चाळीस. हा चाचणीचा दोष नाही, गाळणी अशीच असते. गाळून झाल्यावर कुणीतरी हाताने निवडायचं, हे गृहीत धरलेलं असतं. तो हात कुठे आहे?

तो हात ठाण्याला आहे, असं चिठ्ठीवर लिहिलेलं होतं.

आता ‘ठाणे’ या शब्दाबद्दल. तुम्ही कल्याण-डोंबिवलीत किंवा मुंबईत वाढला असाल तर शाळेत हे वाक्य ऐकलंच असेल, कदाचित म्हटलंही असेल: ‘याला ठाण्याला पाठवा.’ म्हणजे हा वेडा झालाय. पुण्याकडे येरवडा, आपल्याकडे ठाणे. तिथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं. राज्यात अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत: ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. गावखेड्यात या नावाची दहशत काय आहे ते त्या चिठ्ठ्या वाटल्यावर कळलं. एका माणसाने चिठ्ठी वाचली, त्याला वाचता येत होतं, आणि माझ्या हातात परत दिली. म्हणाला, ‘बायकोला वेडी ठरवायची काय?’ पुढच्या वेळी त्याच्या घराचं दार आमच्यासाठी बंद होतं. बायको आत होती, मला खोकला ऐकू आला.

आणि समजा, भीती नाही. समजा, बाई तयार आहे. पाड्यावरून रस्त्यापर्यंत चालत, तिथून जीप किंवा एसटी, आसनगावहून लोकल, ठाण्याला उतरून रिक्षा. जायचं तर सकाळी अंधारात निघायचं. बरोबर कुणीतरी हवं, म्हणजे दोन माणसांची मजुरी बुडाली. लहान बाळ असेल तर ते कडेवर. तिथे केसपेपर, रांग, पाच मिनिटं डॉक्टर, पंधरा दिवसांच्या गोळ्या. डिप्रेशनच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे औषध लागू पडायच्या आतच दुसरी फेरी आली. आणि दिवाळीनंतर ही माणसं गावात असतात का? बयाणा आधीच घेतलेला असतो. मालकाचा ट्रक येतो आणि कातकरी वाड्या वीटभट्ट्यांकडे निघतात, भिवंडीकडे, कल्याणकडे, पनवेलकडे. परततात ते पावसाच्या तोंडावर. त्या बाईच्या घरी मी तीन आठवड्यांनी गेले तेव्हा दाराला काटेरी फांदी लावलेली होती. ॲपमध्ये तिच्या नावापुढे ‘फॉलो-अप प्रलंबित’ असं लाल अक्षरांत यायला लागलं. महिनोन्‌महिने येत राहिलं.

चाळणी कधी लावावी, याचे नियम कुणी आज शोधून काढायचे नाहीत. १९६८ साली विल्सन आणि युंगनर या दोघांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी दहा तत्त्वं लिहून ठेवली. त्यात स्पष्ट आहे की निदानाची आणि उपचाराची सोय उपलब्ध असली पाहिजे. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २००२ साली प्रौढांमध्ये डिप्रेशनची तपासणी करा असं सांगितलं, पण अट घातली: जिथे अचूक निदान, उपचार आणि पाठपुरावा यांची व्यवस्था आहे तिथेच. कॅनडाच्या समितीने २०१३ मध्ये तर सरसकट तपासणी करू नका, असाच सल्ला दिला. कॅनडा! जिथे दवाखाना फुकट आहे आणि पाड्यापर्यंत रस्ता आहे. हे सगळं मला नोकरी सोडल्यावर वाचायला मिळालं. आमच्या ट्रेनिंगच्या दोनशे स्लाइड्समध्ये त्यातली एकही ओळ नव्हती.

‘पण काहीच नसण्यापेक्षा हे बरं ना?’ हा प्रश्न मला मित्रमैत्रिणींनी विचारलाय, वरिष्ठांनी विचारलाय, आईनेही विचारलाय. प्रश्न प्रामाणिक आहे, कारण ‘काहीच नाही’ हे खरोखरच भयंकर आहे. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार डिप्रेशन असलेल्या शंभरातल्या सुमारे पंच्याऐंशी जणांपर्यंत उपचार पोचलेलेच नसतात. (त्या पाहणीच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. शेतकरी आत्महत्यांवर आपल्याकडे इतकं लिहिलं गेलं, आणि देशाने मनं मोजली तेव्हा आपण यादीतच नव्हतो.) मग कुणी टॅबलेट घेऊन पाड्यावर गेलं तर बिघडलं कुठे?

बिघडतं, कारण विचारणं ही फुकटची गोष्ट नाही. माणूस ‘रोजच येतं’ असं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगतो आणि समोरचा बटण दाबून चिठ्ठी देतो, तेव्हा त्याला एक धडा मिळतो: हे सांगून काही होत नाही. पुढच्या वेळी तो सांगणार नाही. आम्ही रिकामी जागा भरली नाही, तिथे दार होतं ते बंद केलं.

आणि दुसरं म्हणजे, आपल्या ओळखीच्या मातीत याहून बरं झालेलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. तिथे गावातलेच कार्यकर्ते लोकांशी बोलायचे, त्यांच्या पुढे प्रशिक्षित समुपदेशक होते आणि त्यांच्याही पुढे मनोविकारतज्ज्ञ. साखळी पूर्ण. अठरा महिन्यांत डिप्रेशनसाठी मदत मिळणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त आले. तुलनेसाठी दुसरी गावं घेतली नव्हती, त्यामुळे आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. पण मदत पोचली ती माणसं पोचली म्हणून, एवढं त्यातून नक्की दिसतं. गोव्यात ‘संगत’ संस्थेने मानसोपचाराचं आधीचं प्रशिक्षण नसलेल्या साध्या माणसांना समुपदेशन शिकवलं. सहा-आठ बैठका, तीच व्यक्ती पुन्हा पुन्हा भेटणार. तिथेही पीएचक्यू-९ होता. पण बेरजेनंतर शेजारच्या खोलीत कुणीतरी खुर्ची घेऊन बसलेलं होतं.

स्मार्टफोनबद्दल माझा राग आहे असं वाटत असेल तर नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्याकडे बघा. तिथल्या एक्केचाळीस गावांत पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीशी संलग्न केंद्राने ‘आत्मीयता’ हा उपक्रम चालवला. गावातल्याच निवडक बाया-पुरुषांना स्मार्टफोन दिले, पण त्यात दारू, घरातली मारहाण, बेकारी अशा विषयांवरच्या छोट्या फिल्म होत्या. फोन दाखवायचा, मग बोलायचं. हीच माणसं चार-सहा वेळा भेटायची आणि विधवा पेन्शन, अपंग पेन्शन मिळवून द्यायलाही मदत करायची. मला हे फार आवडतं. पेन्शनचा अर्ज भरून देणं हा मानसिक आरोग्याचा भाग आहे, हे तिथे कुणाला तरी समजलं होतं. आमच्या ॲपमध्ये म्हातारीच्या ‘असंल तर खाते’साठी रेशनकार्डाचा रकाना नव्हता.

म्हणजे फोन पिशवीसारखा वापरला तर चालतो. आमच्याकडे त्याला डॉक्टरच्या खुर्चीत बसवलं होतं आणि डॉक्टरची खुर्ची रिकामी आहे ही बातमी त्याच्या आड लपवली होती. खुर्चीला पगार लागतो, ॲपला फक्त उद्घाटन लागतं.

आशाताईंबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही, आणि इथे मला स्वतःबद्दलही लिहावं लागेल. सरकारच्या भाषेत आशा ही ‘स्वयंसेविका’. म्हणून पगार नाही, मानधन. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्यभरच्या आशाताई आणि गटप्रवर्तक मानधनवाढीच्या कबूल केलेल्या जीआरसाठी शहापूरहून ठाण्यापर्यंत चालत आल्या आणि नंतर आझाद मैदानात बसून राहिल्या. ऑनलाइन कामाची सक्ती नको, हीही त्यांची मागणी होती. मुंबईच्या चॅनेलांना तो ‘ट्रॅफिकवर परिणाम’ होता. मार्चमध्ये पाच हजारांची वाढ मंजूर झाली. यांच्या हातात आम्ही टॅबलेट दिला आणि सांगितलं, लोकांची मनं तपासा.

ट्रेनिंगच्या दिवशी मी त्यांना जोड्या करायला सांगितल्या. एकीने विचारायचं, दुसरीने पेशंट व्हायचं. हॉलमध्ये हसाहशी चालू होती. मी मागून फिरत होते. एका ताईच्या स्क्रीनवर सतरा आले, नारिंगीच्या वरच्या टोकाला. मी म्हटलं, ‘अहो ताई, प्रॅक्टिसला असं खरं खरं नसतं सांगायचं.’ सगळ्या हसल्या. तीही हसली. दुपारी मी सगळ्या टेस्ट एन्ट्री डिलीट केल्या, कारण रात्री सर्व्हरवर खरा डेटा सुरू होणार होता. चहाच्या वेळी ती माझ्याजवळ आली, कपात बघत म्हणाली, ‘मला वाटलं तुम्ही खरंच विचारताय.’ मला काही सुचलं नाही. कुणीतरी हाक मारली, मी गेले. नंतर तिचं नाव शोधायला बसले तर यादी मीच पुसलेली होती.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा प्रत्येकाचा हक्क मानला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चाला, असं सांगितलं. गोपनीयतेचाही हक्क दिला. छान कायदा आहे. ओपीडीच्या बाकावर, मागे सासू आणि पुढे शेजारीण असताना, गावातल्याच बाईने नववा प्रश्न विचारायचा आणि उत्तर आधार नंबरला जोडलेल्या रकान्यात भरायचं, हे त्या कायद्यात कुठे बसतं ते मला कुणी सांगितलेलं नाही. मीही तेव्हा विचारलं नाही. टार्गेट होतं.

तुम्हाला वाटत असेल, हे सगळं शहापूरचं, आपला काय संबंध. खरं सांगा, लोकलमध्ये उभ्या उभ्या, एका हाताने कडी धरून, दुसऱ्या हाताने तुम्ही कधी ‘डू आय हॅव डिप्रेशन’ची टेस्ट दिली नाहीत? मी दिली आहे. ठाकुर्ली ते ठाणे, तेवढ्यात निकाल आला. ‘मध्यम ते तीव्र’. खाली कसल्या तरी मेडिटेशनच्या सबस्क्रिप्शनची जाहिरात. मी स्क्रीन वर सरकवला आणि कुणाचा तरी लग्नाचा रील बघत बसले. पण मला दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला फोन करता आला. मला ठाण्यात आयपीएच आहे हे माहीत होतं, डॉ. आनंद नाडकर्णींचे व्हिडिओ मी पाहिले होते, फी परवडत होती, ‘थेरपी’ हा शब्द घरी उच्चारता येत होता. माझ्या लाल रंगानंतर रस्ता होता. आकडा तोच, ॲपही जवळजवळ तेच.

तेव्हा मागणी साधी आहे. ज्या केंद्रात नवव्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्या माणसाशी त्याच दिवशी, दार लावून बोलणारं कुणी नाही, त्या केंद्रात ॲप चालू करू नका. आधी समुपदेशक नेमा, पूर्ण पगारावर. गोळ्या केंद्रातच द्या आणि महिनाभराच्या द्या. भट्टीवर गेलेल्या माणसाचा पाठपुरावा भट्टीवर व्हायला हवा. मालकाला आपली माणसं कुठे आहेत ते बरोबर ठाऊक असतं, आरोग्य खात्यालाच तेवढं कसं ठाऊक नसतं? ‘टेली-मानस’चा १४४१६ हा नंबर २०२२ पासून आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तुम्हाला गरज पडली तर जरूर लावा, लाजू नका. पण रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं त्या पाड्यावर नंबरचं स्टिकर चिकटवून जबाबदारी संपली असं समजू नका. आणि अहवालात किती जणांना विचारलं हा आकडा छापायचा असेल, तर त्याच्या शेजारी, त्याच टायपात, किती जणांकडे दुसऱ्यांदा गेलो तेही छापा. आमच्या प्रकल्पात तो आकडा छापण्यासारखा नव्हता. म्हणून रकानाच नव्हता.

मी नोकरी सोडली त्यानंतरच्या जूनमध्ये त्या आशाताईचा फोन आला, ओपीडीच्या बाकावरच्या. पाऊस सुरू झाला होता, वाडी परतली होती, ती बाईही परतली होती. बाळ चालायला लागलं होतं. ताई तिच्या घरी गेली तेव्हा ती एकटीच होती. चुलीपाशी दोघी बसल्या. भट्टीवर काय काय झालं ते तिने सांगितलं, थोडं रडली, मग तिने कोरा चहा केला. ताई म्हणाली, पुढच्या सोमवारी पुन्हा जाणार आहे, केंद्रातल्या डॉक्टरांकडे स्वतः घेऊन जाईन म्हणते.

मग मुद्द्यावर आली. टॅबलेट अजून तिच्याकडेच होता आणि त्यावर बाईच्या नावापुढे ती लाल अक्षरं येत होती. उघडलं की चार पर्याय दिसायचे: उपचार सुरू, नकार दिला, स्थलांतर, मृत्यू.

‘मी दोन तास बसले तिच्यापाशी,’ ताई म्हणाली. ‘ते यात कुठं भरायचं, मॅडम?’